वाळवणाच्या मांडवासाठी आवाहन : परतीच्या पावसाआधी हात पुढे करा

सर्व ग्रामस्थ, पणजी-मडगाव-मुंबईला असलेले आपले गाववाले, बोटीवर असलेली आपली मुले आणि शेतकरी मंडळाचे आजी-माजी सभासद यांना सप्रेम नमस्कार.

चवथ आटोपली. माटोळी (गणपतीवर बांधलेले फळा-फुलांचे छत) उतरली, नव्याची कणसे दारावर बांधून झाली. खालच्या शेतात भात पोटरीतून बाहेर पडले आहे, दसऱ्याच्या मागेपुढे कापणी लागेल. म्हणजे ओले भात वाळवायला खळ्यावर छपराचा मांडव उभा करायचा तर हातात जेमतेम महिना आहे. म्हणून कार्यकारिणीची बैठक संपताच रात्री हे पत्र लिहायला बसलो.

गेल्या वर्षी काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. कापणी झाली, मळणी निम्मी झाली आणि परतीचा पाऊस सलग चार दिवस बसला. भात ओले, खळ्यावर ढीग, वर प्लास्टिक. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत गरम वाफ. कुबट वास. पाचव्या दिवशी प्लास्टिक काढले तेव्हा दाणे काळवंडलेले आणि त्यावर हिरवट-पिवळी पूड. त्या भाताचे पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. थोडे गुरांना घातले, थोडे कोंबड्यांना, आणि बरेचसे उकडून, वाळवून, कांडून पेजेला लावले. ‘उकडले की जाते’ असे आपण एकमेकांना सांगितले. मीही त्या वेळी गप्प राहिलो. ते चुकले.

उकडल्याने जात नाही. बुरशी मरते, तिने केलेले विष मरत नाही. त्या विषाला अफलाटॉक्सिन म्हणतात. ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी ते मुख्यतः करते. ती मातीत असतेच, हवेतही असते. दाण्याला ओल आणि ऊब मिळाली की ती बसते. पेज कितीही उकळली, भात तीन पाण्यांनी धुतला तरी हे विष पूर्ण निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने याला माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. घाव बसतो यकृतावर. ज्याला आधीच ‘ब’ प्रकारची कावीळ आहे त्याला धोका कितीतरी पटीने जास्त. आपल्या देशात तृणधान्यासाठी कायद्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक टन धान्यात १५ मिलिग्रॅम. मिठाच्या एका चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. इतके थोडे विष डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही.

१९७४ सालच्या पावसाळ्यानंतर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. गरीब आदिवासी घरे, दुसरे धान्य नव्हते. ३९७ माणसे काविळीने आजारी पडली, १०६ गेली. त्याच घरांतली कुत्रीसुद्धा मेली, कारण तीही तेच खात होती. ही दूरची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. भिजलेले धान्य, वाळवायला जागा नाही, आणि टाकून द्यायला मन होत नाही. आपल्या खळ्यावर वेगळे काय होते?

भाताला हे विष मका किंवा भुईमुगाइतक्या सहज लागत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, उगाच घबराट नको. भाताची तुसाची साल त्याला बरीच राखते. पण उकड्या तांदळाला आपण भात भिजवतो, वाफवतो, आणि मग ते पावसाळी हवेत दोन-दोन दिवस सुकत राहते, तिथे धोका पुन्हा उभा राहतो. शिवाय आपल्या गावात केवळ भात नाही. वायंगणाचा (पावसाळ्यानंतरच्या हंगामाचा) भुईमूग आहे, माळावरची नाचणी आहे, खोबरे आहे, मिरची आहे. भुईमूग आणि खोबरे तर या बुरशीचे आवडीचे. गुरांची गोष्ट वेगळीच. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले, शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड निघाली. हे विष पहिल्यांदा ओळखले गेले ते तेव्हा. गाईने बुरसटलेली पेंड खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो. ते दूध आपलीच नातवंडे पितात.

मंडळाने आजवर काही केले नाही असे कोणी म्हणू नये. सिमेंटचे खळे झाले त्याला आता किती पावसाळे लोटले! त्याआधी शेणाने सारवलेल्या जमिनीवर मळणी व्हायची आणि निम्मी माती भातात जायची. खळ्यासाठी पहिला पैसा दिला तो आपल्या निवृत्त मास्तरांनी. पेन्शनची पहिली रक्कम हातात आली ती त्यांनी पाकीट न फोडता देवळात आणून ठेवली आणि म्हणाले, ‘मी या गावचा भात खाऊन शिकलो.’ मास्तर आता अंथरुणाला खिळलेले आहेत, तरी गेल्या आठवड्यात भेटायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न खळ्याचाच. वाळू आणि चिरे वाहून आणायला वरच्या वाड्याच्या बायका उन्हात आल्या, एकीनेही मजुरी घेतली नाही. बोटीवर असलेल्या आपल्या एका मुलाने, त्याचे नाव लिहिलेले त्याला आवडत नाही, जहाज कुठल्या बंदरात आहे तेही ठाऊक नसताना घरच्यांच्या हाती पैसे पोचवले आणि मळणीयंत्र आले. सुतार मेस्त काकांनी कोठारात फळ्यांची मांडणी करून दिली, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर दूर, आणि मजुरीचे नाव काढू दिले नाही. त्या मांडणीवरच्या पोत्यांना गेल्या वर्षीही बुरशी लागली नाही, हेही पाहून घ्या. भजनी मंडळाने सप्ताहाची शिल्लक दिली. स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी पापड-सांडगे विकून ताडपत्र्या घेतल्या. आणि २०२१ च्या जुलैत म्हादई नदी शेतात शिरली, लावलेला तरवा (भाताची रोपे) वाहून गेला, तेव्हा वरच्या वाड्याने आपला उरलेला तरवा खालच्या वाड्याला दिला. कोणी मागितला नव्हता. हे सगळे आठवले की आजही मन भरून येते. देव बरें करूं त्यांचे.

पण गेल्या मार्गशीर्षात मंडळाने वाळवणाच्या मांडवाचा विषय घेऊन सभा बोलावली, तेव्हा अकरा माणसे आली. अकरा! त्यातली सहा कार्यकारिणीतली. घरोघर पत्रके वाटली होती. नव्याच्या दिवशी कणसांचे फोटो गटावर शेकड्याने येतात, आम्हालाही ते बघून आनंद होतो. पण त्याच गटावर मांडवाचा निरोप टाकला तर उत्तर देणारी घरे चार. सरकारी मदतीसाठी केलेला अर्ज एका कार्यालयात पाच महिने पडून आहे, दोनदा कागद पुन्हा दिले. त्याची वाट बघत बसलो तर ऑक्टोबर निघून जाईल. मनाला लागले, म्हणून लिहिले. ज्यांनी दिले त्यांना हे लागू नाही, आणि ज्यांना तेव्हा जमले नाही त्यांना दार बंद नाही.

मांडव म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कापणीच्या वेळी भातात २० ते २५ टक्के ओलावा असतो. साठवायला तो १३-१४ पर्यंत उतरावा लागतो, बियाण्याला १२. भुईमुगाच्या दाण्याला ८ च्या खाली. २२ टक्क्यांचे एक क्विंटल भात १३ वर आणायचे तर त्यातून दहा किलोच्या वर पाणी उडून जायला हवे, तेही दोन दिवसांत. खळ्यावर लोखंडी सांगाडा, वर पारदर्शक पत्रा, बाजू उघड्या. पाऊस असला तरी खाली भात तीन-चार सेंटिमीटरच्या थरात पसरता येते, तासा-दोन तासांनी फावड्याने परतता येते. ऊन नसेल त्या दिवसासाठी तुसावर चालणारी भट्टी आणि पंखा. बियाण्याचे भात मात्र ४३ अंशांच्या वर तापवायचे नाही, रुजत नाही. वाळलेल्या भातासाठी हवाबंद तीनपदरी पिशव्या. त्यात हवा शिरत नाही, आतला प्राणवायू संपतो, किडा मरतो आणि बुरशी वाढत नाही. पण ओले भात त्यात भरले तर ते कुजणारच, म्हणून आधी वाळवणे आणि मग पिशवी.

खर्च : सांगाडा व पत्रा १,८५,००० रु., भट्टी-पंखा ९०,००० रु., ताडपत्र्या, दोन ओलावामापक व पिशव्या ४५,००० रु., एकूण ३,२०,००० रु. मंडळाकडे शिल्लक १,१२,०००. कमी पडतात २,०८,००० रु. प्रत्येक घराने निदान ५०० रु. द्यावेत, नोकरीवाल्यांनी व बाहेरगावच्यांनी यथाशक्ति अधिक. रोख रक्कम खजिनदारांच्या दुकानात सकाळी ८ ते १०, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. बाहेरच्यांनी घरच्या माणसांकरवी पाठवावी. वस्तुरूपाने पत्रा, पाइप, जुनी लोखंडी खिडकी, चिरे काहीही चालेल. पैसे नसतील त्यांनी दोन दिवस अंगमेहनत द्यावी, तीही वहीत देणगी म्हणूनच लिहिली जाईल. हिशेब देवळाच्या फलकावर लागेल. अंतिम मुदत घटस्थापना.

मांडव होईपर्यंत घरी काय करावे, असे काकी विचारत होत्या. काचेच्या कोरड्या बाटलीत पाव भाग भात आणि मूठभर कोरडे मीठ घालून चांगले हलवावे. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलेले दिसले तर भातात १५ टक्क्यांच्या वर ओलावा आहे, ते अजून उन्हात हवे. मीठ खाली सुटे पडले तर भरायला हरकत नाही. रंग बदललेले, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे व शेंगा वेगळ्या काढून पुरून टाकाव्यात. गुरांना, कोंबड्यांना घालू नयेत. गेल्या वर्षीची गोणपाटे धुऊन कडक उन्हात वाळवल्याखेरीज वापरू नयेत. आणि शेतात पडून भिजलेल्या ओंब्या चांगल्या भातात मिसळू नयेत, चार पायल्यांसाठी खंडीभर भात खराब होते.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता खळ्यावर जमायचे आहे. सांगाड्याचे खड्डे त्याच दिवशी मारायचे. मेस्त काका आणि त्यांचा मुलगा येणार आहेत. येताना प्रत्येकाने पिकास, घमेले, कोयता यांतले जे घरी असेल ते आणावे. चहा-पेजेची सोय महिला गटाकडे आहे.

आपला,
सचिव, शेतकरी मंडळ
(कार्यकारिणीच्या वतीने)