सूचना : संक्रांतीचं हळदीकुंकू, वाण प्लास्टिकविना

मैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

मंडळाचं हळदीकुंकू रविवार, १८ जानेवारी २०२६ रोजी संध्याकाळी ५ ते ८, सोसायटीच्या गच्चीवर आहे. घरगुती हळदीकुंकू मात्र रथसप्तमीपर्यंत चालूच राहतील, तेव्हा हे सगळ्यांनीच लक्षात घ्यावं.

• वाणात प्लास्टिकचे डबे, गाळण्या, टोपल्या आणू नयेत. प्रत्येकीच्या माळ्यावर त्या पडूनच आहेत! त्याऐवजी कापडी पिशवी, तुळशीचं रोप, मेथी-कोथिंबिरीचं बी किंवा वाळलेल्या घोसाळ्याची घासणी द्या. प्लास्टिकच्या घासणीचे बारीक तुकडे भांडी घासताना थेट गटारात जातात. घोसाळ्याची घासणी झिजली की कुंडीतल्या मातीत मिसळते. बी सुट्टं असेल तर कागदी पुडीत बांधा.

• तिळगूळ डब्यातून आणून हातावर द्यावा. चिमुकल्या प्लास्टिक पुड्या कचरावेचक ताईही उचलत नाहीत, कारण त्यांना भंगारात भाव नसतो.

• मसाला दुधासाठी आपापला स्टीलचा पेला आणा. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो.

• ओटीचे गहू, हरभरे, बोरं, उसाचे करवे खाली सांडू देऊ नका. फुलं खतखड्ड्यात जातील.

• मुलांच्या हाती नायलॉन मांजा देऊ नका. त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि झाडांत अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने पक्ष्यांचे पंख कापतो. हा मुद्दा कृपया घरी नक्की बोला.

वाण आधीच घेऊन झालं असेल तर ते जरूर वापरा, टाकू नका.

– महिला मंडळ