रात्रीची गाडी आणि लॅपटॉपची बॅटरी

महोदय,

रेल्वेच्या डब्यांतील चार्जिंगचे सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत बंद ठेवले जातात, याबद्दल प्रवाशांचा नाराजीचा सूर अधूनमधून ऐकू येतो. आगीचा धोका टाळण्यासाठी २०२१ मध्ये या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. चार्जरला लावलेला लॅपटॉप पांघरुणाखाली तापत ठेवून खुशाल घोरणारे सहप्रवासी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा नियम जाचक वाटू नये. रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत थेट बैठकीला जाणाऱ्यांची अडचण खरी आहे; पण तिचे मूळ बरेचसे आपल्या सवयींत आहे, असे मला वाटते.

झाकण मिटले की लॅपटॉप बंद झाला, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो 'स्लीप'मध्ये जातो, मेमरीला वीज मिळत राहते आणि अनेक नवी यंत्रे तर त्या अवस्थेतही इंटरनेटशी जोडलेली राहून अपडेट उतरवून घेतात. म्हणून सकाळी बॅगेतून गरम लॅपटॉप निघतो आणि बॅटरी तळाला गेलेली असते. 'हायबरनेट' केल्यास उघडे काम डिस्कवर साठवले जाऊन यंत्र जवळपास पूर्ण बंद होते. विंडोजमध्ये हा पर्याय बऱ्याचदा मेनूत दिसत नाही, मात्र कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटताच हायबरनेट व्हावे, अशी सोय एकदाच करून ठेवता येते. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणाऱ्यांनी प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी मर्यादा उठवावी.

पॉवर बँक घेताना केवळ २०,००० एमएएच हा साठवणक्षमतेचा आकडा पाहून भागत नाही. तिच्यात सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा असते खरी, परंतु ऊर्जा किती वेगाने मिळते तेही पाहावे लागते; हा वेग वॅटमध्ये मोजतात. लॅपटॉपला बहुधा ४५ ते ६५ वॅट लागतात आणि फोनसाठीच्या अनेक पॉवर बँका २० वॅटच्या आसपासच देतात. पुढे विमान पकडायचे असल्यास ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि १०० वॅट-तासांवरील क्षमतेसाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

रेल्वे प्रशासनाला एकच विनंती आहे. सॉकेट बंद राहण्याची वेळ आरक्षणाच्या संदेशातच कळवावी, म्हणजे प्रवासी घरूनच बॅटरी भरून निघतील.

– एक प्रवासी वाचक, नांदेड