'अनसूया' की 'अनुसया'?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अनसूया' हे जुन्या पिढीतले सुंदर नाव निमंत्रणपत्रिकांवर आणि वर्तमानपत्रांतही 'अनुसूया' किंवा 'अनुसया' असे छापलेले दिसते आणि त्यामुळे त्याचा अर्थच हरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. संस्कृतात स्वरापूर्वी नकारार्थी 'अ'चा 'अन्' होतो. म्हणून 'अन्' आणि 'असूया' मिळून 'अनसूया', म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. 'अनु' या उपसर्गाचा येथे काही संबंध नाही. असूया म्हणजे नुसता मत्सरही नव्हे. दुसऱ्याच्या गुणांवरही दोषाचा आरोप करणे, असा तिचा नेमका अर्थ अमरकोशाने दिला आहे, आणि भगवद्गीतेच्या ९व्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला 'अनसूयु' मानूनच गुह्यतम ज्ञान सांगू लागतो. अत्रिऋषींची पत्नी आणि दत्तात्रेयांची माता असलेल्या अनसूयेचे माहूरचे शिखर तर प्रसिद्धच आहे. बोलताना प्रेमाने 'अनुसया' म्हटले जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. छापताना मात्र आपल्या दैनिकाने 'अनसूया' हेच रूप वापरावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक नियमित वाचक