खिम्याचे गोळे आणि नंतरची भांडी

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी मित्रांसाठी खिम्याचे गोळे करणार असल्याचे तू फोनवर सांगितलेस, आणि रांधण्यापेक्षा नंतरच्या भांड्यांचीच धास्ती अधिक वाटते, असेही म्हणालास. माझ्या अनुभवाने, ओट्यावरचा पसारा वाढतो तो कामांचा क्रम चुकल्यामुळे. म्हणून कृतीबरोबर क्रमही लिहितो.

खिमा अर्धा किलो पुरे. तो मांडीच्या मटणाचा, थोडी चरबी राहू दिलेला आणि यंत्रातून दोनदा काढलेला असावा. मटण खाटकाकडेच धुऊन घे व मग खिमा करायला सांग, कारण घरी खिमा धुतला की त्यात पाणी राहते, गोळे रश्श्यात फुटतात आणि कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात.

खिम्याला हात लावण्यापूर्वी बाकीची सगळी तयारी उरकावी. कांदा, सुके खोबरे व तीळ भाजून वाटण करावे आणि मिक्सरचे भांडे विसळलेले पाणी रश्श्यातच ओतावे. गोळ्यांसाठी बारीक चिरून पिळलेला कांदा, कोथिंबीर, आले-लसूण, मीठ, आपली कांदा-लसूण चटणी आणि दोन-तीन चमचे डाळव्याचे पीठ एका ताटलीत काढून ठेव, म्हणजे माखलेला हात मसाल्याच्या डब्याला किंवा नळाला लागत नाही. तुझी आई यात अंडेही घालते. मला ते अनावश्यक वाटते. मीठ घालून खिमा दोन-तीन मिनिटे नीट मळला, की मांसातील प्रथिने चिकट होतात आणि गोळा आपोआप बांधला जातो. मळणे परातीत करावे व वळलेले गोळे तिच्याच कडेने मांडावेत; वेगळे ताट काढू नये. लहान लिंबाएवढे वळलेस तर वीस-पंचवीस गोळे होतील.

तळण्याच्या भानगडीत पडू नकोस. तळणीचे तेल, कढई आणि शेगडीभोवतीचा चिकटा, हे सारे त्यामुळे टळते. रस्सा चांगला उकळला की गोळे एकेक करून सोडावेत, आच मंद करावी आणि पहिली दहा मिनिटे चमचा घालू नये; हलवायचेच झाले तर पातेले फडक्याने धरून अलगद फिरवावे. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून गोळा मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. तापमापक असेल तर आत ७१ अंश सेल्सिअस भरावे. नसेल तर वीस-पंचवीस मिनिटे शिजवून एक गोळा फोडून पाहा.

हाच वेळ भांड्यांचा. हात साबणाने धुऊन परात घे, पण आधी थंड पाण्याने. गरम पाण्याने मांसातील प्रथिने आळतात आणि धातूला चिकटून बसतात. त्यानंतर साबण व गरम पाणी. मग चिरण्याची फळी, सुरी आणि ओटा. जेवणानंतर पातेल्याचे मात्र उलट आहे: मटणाची चरबी थंड होताच थिजते, तेव्हा तवंग आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात टाकावा आणि मगच पातेले गरम पाण्याने घासावे, नाहीतर मोरीचा नळ तुंबतो आणि घरमालकाशी बोलणे ओढवते.

उरलेले गोळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव, तीन दिवसांत संपव आणि रस्सा पुन्हा उकळूनच वाढ. चटणी संपत आली असेल तर कळव, पुढच्या आठवड्यात नवी कुटणार आहोत.

तुझे बाबा