आभाळात दिसलेलं नीट नोंदवायला तुमचा हातभार पाहिजे – कोल्हापूरकरांना आवाहन

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातर्फे हे लिहितोय. जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय यूएफओचा, म्हणजे आभाळात दिसणाऱ्या न ओळखलेल्या वस्तूंचा आहे. आम्हाला उडती तबकडी खरी आहे हे सिद्ध करायचं नाही आणि बघणाऱ्याला खोटंही पाडायचं नाही, आभाळात जे दिसलं ते नक्की काय होतं हे शोधायचंय आणि त्यासाठी लागणारे कॅमेरे आपल्या जिल्ह्यात बसवायचेत.

२०२२ चा पाडवा आठवतोय का? २ एप्रिलच्या त्या रात्री विदर्भ-खानदेशातल्या कितीतरी गावांनी आभाळातून जळत जाणारी रांग बघितली, कोण म्हणालं उल्का, कोण म्हणालं विमान पडलं, कोण म्हणालं परग्रहावरचं काहीतरी. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी रिंग सापडली आणि हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं अभ्यासकांनी सांगितलं. तिथं तुकडे हाताला लागले म्हणून उलगडा झाला. पण ज्याचे तुकडे पडत नाहीत त्याचं काय? १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर आभाळात अनोळखी वस्तू दिसली म्हणून विमानांची ये-जा काही तास थांबवली होती, शोधायला हवाई दलाची राफेल गेली, आणि शेवटी हाताला काही लागलं नाही. आपल्याकडं उजळाईवाडीला विमानतळ आहे, तेव्हा हा नुसता हौसेचा विषय नाही.

जगात यावर कामं झालीत आणि ती चांगल्या माणसांनी केलीत. अमेरिकेच्या हवाई दलानं १९५२ ते १९६९ अशा नोंदी तपासायला प्रोजेक्ट ब्लू बुक चालवलं. त्यांच्या यादीत एकूण १२,६१८ नोंदी होत्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झालाच नाही. त्यांचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक सुरुवातीला या सगळ्यावर अजिबात विश्वास न ठेवणारे, पण वर्षानुवर्षं साक्षीदारांशी बोलून ते म्हणायला लागले की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही, आणि १९७३ मधे त्यांनी स्वतःच अभ्यासकेंद्र काढलं. नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्यात १९८० च्या दशकात लोकांना उजेडाचे गोळे दिसायला लागले, तिथं १९९८ पासून आपोआप चालणारं मोजणी केंद्र आहे आणि सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आम्हाला सगळ्यात पटलेली पद्धत फ्रान्सची. त्यांच्या अवकाश संस्थेतच १९७७ पासून यासाठी एक विभाग आहे, आता त्याला जैपान म्हणतात. तिथं माणूस पोलिसांकडं जाऊन जबाब देऊ शकतो, त्याची चौकशी होते आणि प्रकरण चारपैकी एका वर्गात जातं. ए म्हणजे नक्की ओळखलं, बी म्हणजे बहुतेक ओळखलं, सी म्हणजे माहितीच अपुरी, आणि डी म्हणजे माहिती चांगली असून, चौकशी होऊनही उलगडलं नाही. डी मधे फार थोडी प्रकरणं उरतात आणि खरा अभ्यास त्यांचाच. आपल्याकडचं मात्र जवळजवळ सगळं सी मधे जातं, सगळी अडचण इथंच आहे. नासानं नेमलेल्या समितीनंही सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हेच सांगितलं, की नोंदीच इतक्या कच्च्या आहेत की त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि लोक हसतील या भीतीनं बघणारे बोलत नाहीत.

ही भीती आपल्याकडं तर लईच. आणि आभाळ सगळ्यात जास्त बघतं कोण? रात्रीची लाईट येते म्हणून उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी, पहाटे दूध घालायला निघालेली माणसं, कारखान्याकडं ऊस घेऊन निघालेले गाडीवान. त्यांना काही वेगळं दिसलं आणि सांगितलं तर पहिला प्रश्न काय, घेतली होती का? म्हणून ती गप्प बसतात.

मागच्या थंडीत कागलकडच्या एका शेतकऱ्यानं दाखवलेली क्लिप सांगतो. नारिंगी ठिपका सावकाश वर चढतो, थोडा थांबल्यासारखा वाटतो, मग मंद होऊन जातो. पण आमच्यापर्यंत ती चार ग्रुप फिरून आली होती. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होताना व्हिडिओची मूळ वेळ आणि बाकीची माहिती निघून जाते, चित्र दाबलं जातं, वर मोबाईलनं झूम केलेलं, त्यामुळं फोकस सुटून साधा ठिपका पण गोल ताटलीएवढा दिसतो. दिशा कुठली, किती उंचीवर, मागं एखादा तारा दिसतो का, काहीच कळेना. आकाशकंदील असेल असं आम्हाला वाटतं, पण वाटतं म्हणून लिहून टाकलं तर अभ्यास कसला. सी मधे गेली ती क्लिप.

आता काय करायचंय ते. तीन ठिकाणी रात्रभर चालणारे कॅमेरे बसवायचे, एक शहरात, एक पन्हाळ्याच्या बाजूला, एक गडहिंग्लजकडं. एकच वस्तू दोन ठिकाणांहून एकाच वेळी टिपली की दोन्हीकडच्या कोनांवरून तिची उंची आणि वेग काढता येतो, एका कॅमेऱ्यावर ते होत नाही. गडहिंग्लजबरोबरची लांबची जोडी उल्का आणि पडणाऱ्या रॉकेटच्या तुकड्यांसाठी, शहर-पन्हाळ्याची जवळची जोडी कमी उंचीवरच्या गोष्टींसाठी. जगभरातले हौशी लोक उल्का टिपायला अंधारात चालणारा सिक्युरिटी कॅमेरा आणि रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर वापरतात, त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपण तेच घेणार. जोडीला विमानांचे सिग्नल पकडणारा छोटा रिसीव्हर. विमानं आपली जागा आणि उंची रेडिओवरून सांगत असतात, त्यामुळं उजेड दिसला त्या मिनिटाला डोक्यावर कुठलं विमान होतं का ते लगेच तपासता येईल. शुक्र, स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग, मिरवणुकीतले लेसर, लग्नातले ड्रोन हे सगळं असं गाळत गेलं की जे उरेल ते उरेल.

आणि २०२४ मधे पुणे, बीड, जालना भागात रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली, लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. अशा वेळी खात्रीची नोंद कुणाकडं असती तर भीती निम्मी झाली असती असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैशाचं बोलू. कॅमेरा, कॉम्प्युटर, पाणी न जाणारी पेटी, वायरिंग आणि बॅटरी धरून एका जागेला साधारण ३० हजार, म्हणजे तिन्हीचे ९० हजार, आणि हार्डडिस्क-इंटरनेटचे वर्षाचे २५ हजारापर्यंत. पाचशे द्या, शंभर द्या, पावती मिळणारच. जमा-खर्च दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा लावू आणि कॅमेऱ्याच्या नोंदी कुणालाही फुकट बघता येतील, ज्याला आमचं उत्तर पटत नाही त्यानं स्वतः तपासावं. कुणी मोठी रक्कम देऊन अमुकच निष्कर्ष काढा म्हणेल तर ते पैसे घेणार नाही.

पैसे नसतील तरी कामं भरपूर आहेत. उद्यमनगरातल्या भावांनी पेट्या आणि स्टँड करून दिले तर मोठा खर्च वाचेल. इलेक्ट्रॉनिक्सची पोरं-पोरी हवीत, विद्यापीठात आणि पन्हाळ्याच्या अवकाश संशोधन केंद्रात शिकलेले कोण असतील तर त्यांचं मार्गदर्शन पाहिजे. शाळांनी एक तास द्यावा, आम्ही येऊन मुलांना आभाळ मोजायला शिकवतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश, पूर्ण चंद्र अर्धा अंश, एवढ्यावर पोरगं बिनचूक सांगू शकतं की उजेड जोतिबाच्या डोंगरावर दोन मुठी उंच होता.

आणि ज्यांना काही दिसलंय त्यांनी बोला. आधी वेळ लिहून ठेवा, मग कुठं उभं होता, तोंड कुठल्या दिशेला, किती मुठी उंच, किती सेकंद, आवाज होता का. व्हिडिओ घेताना झूम करू नका, कडेला झाड नाहीतर घराचं छप्पर येऊ दे, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल पाठवा. तुमचं नाव तुम्ही सांगितल्याशिवाय बाहेर जाणार नाही आणि आमच्यातलं कुणी हसणार नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं आभाळ बंदच असतं, म्हणून दसऱ्यापर्यंत सामान हातात यायला पाहिजे. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या रात्री तिन्ही कॅमेऱ्यांची चाचणी घ्यायची. एकच उल्का दोन ठिकाणी टिपली आणि तिची उंची ९०-१०० किलोमीटरच्या आसपास आली की समजायचं मोजणी बरोबर चाललीय.

सगळ्यात अडलंय ते गडहिंग्लज-आजरा भागातल्या जागेवर. उंच गच्ची, जवळ हॅलोजन नको, चोवीस तास लाईट आणि वायफाय असलेलं घर किंवा शाळा कुणाच्या ओळखीत असेल तर हा मेसेज ज्याच्याकडून आला त्यालाच आधी ते कळवा, बाकीचं समोरासमोर बसून ठरवू.