महेश्वर कॅराव्हॅन सहल : वाट चुकल्यास किंवा अडचण आल्यास

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या तिन्ही कॅराव्हॅन (आत राहण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या) येत्या रविवारी सकाळी ६ वाजता इंदूरच्या दसरा मैदानावरून महेश्वरकडे निघतील. चालकांनी साडेपाचला हजर राहावे.

आपण महू, मानपूर, धामनोद या हमरस्त्यानेच जाणार आहोत. मोबाइलवरील नकाशाने जाम घाटाची वाट सुचवली, तरी ती वळणांची व तीव्र उताराची असल्याने उंच, जड गाडी तिकडे वळवू नये. मागील सहलीत आमची गाडी अशाच एका आडवाटेला लागली आणि चिंचेच्या फांदीने छतावरची झडपच उखडली.

१. वाट चुकल्यास जागच्या जागी वळू नये. रुंद जागा मिळेपर्यंत पुढे जावे आणि गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून चालकाला दिसेल असे उभे राहावे.
२. निघण्यापूर्वी स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बंद करावी.
३. गाडी बंद पडल्यास मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा व मुलांना, वडीलधाऱ्यांना रस्त्यापासून दूर बसवावे. महामार्गावरील मदतीसाठी १०३३, तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर कळवावे.

वाट चुकली म्हणून चालकाला कोणीही बोल लावू नये, ही कळकळीची विनंती.

– सहल समिती