बोटे पांढरी पडणे म्हणजे नुसती थंडी नव्हे

आरोग्य पुरवणीतील हिवाळ्यात हातांची काळजी घेण्याविषयीचा लेख वाचला. बोटे पांढरी-निळी पडली तर हातमोजे घाला, एवढ्यावरच तो थांबतो, हे खटकले. मुंबईत थंडी ती कितीशी! इथे एसी लोकलमध्ये, फ्रिजमधून दूध काढतानाही काहींची बोटे पांढरी पडतात. बहुतेकांमध्ये हा रेनॉड विकार निरुपद्रवी असतो. काहींत मात्र ती स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजाराची पहिली खूण ठरते. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या, की फरक बराचसा कळतो. सुई नाही, वेदना नाही. स्क्लेरोडर्माच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या केशवाहिन्यांतील बिघाडाला स्वतंत्र गुण आहेत. लेखात या तपासणीचा एका ओळीचा तरी उल्लेख हवा होता.

– एक वाचक, मुलुंड